बाबल काचवाल्याची ओळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी मोजतो ते लाटांनी आणि पावसाळ्यांनी, आणि ते मोजता मोजता मोजणाऱ्याचाच डोळा लागतो. आपल्या खारवटे बंदरावर तेव्हा आगबोट थांबत असे, एवढं धरून चाला. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि पडाव जाऊन माणसं उतरवून आणायचा.

बसा. देवळाच्या या भिंतीकडे तोंड करून बसा, म्हणजे गोष्ट ऐकताना दिसेलही. मला अक्षर येत नाही. पण ही फोटूंची भिंत मला वाचता येते. तो अगदी डावीकडचा, चहा सांडल्यासारखा दिसतो ना, तो पहिला. त्याच्यात बघा, सगळा गाव ओळीनं उभा आहे, आणि ओळीत मध्ये मध्ये जागा मोकळ्या आहेत. सहा वर्षांच्या पोराचे दात असतात तशा. पाहुणे येतात ते विचारतात, ही माणसं एकमेकांवर रुसली होती काय? रुसली नव्हती. ते सांगण्यासाठीच ही गोष्ट.

वैशाखाच्या शेवटी आगबोटीतून एक माणूस उतरला. सडपातळ, सावळा, वाडीकडचा चितारी. त्याचे वाडवडील लाकडी फळं नि बाहुल्या रंगवायचे. त्याला एका साहेबाच्या बंगल्यावर फोटूचं यंत्र हाती लागलं आणि त्यानं कुंचला सोडला. नाव बाबल. पडाव वाळूला लागायच्या आधीच तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, आणि डोक्यावर एक लाकडी पेटी धरून असा हळूहळू चालत आला, की किनाऱ्यावरच्या बायकांना वाटलं पेटीत तान्हं मूल निजलंय. पेटीत काचा होत्या. तेव्हा फोटू काचेवर निघत. काचेला औषध लावायचं, ती यंत्रात घालायची, वर काळं कापड, आणि कापडाच्या आत बाबल. म्हणून गावानं त्याला नाव दिलं काचवाला.

सुरुवातीला कुणी त्याच्यापुढे उभं राहीना. फोटू काढला की माणसाचं आयुष्य तेवढं काचेत जातं, असं म्हणत. मग बिचारा समुद्राचेच फोटू काढी. पण ते यंत्र सावकाश बघणारं. त्यानं एकदा डोळा उघडला की एक लाट येऊन परत जाईपर्यंत मिटायचा नाही. तेवढ्यात जे हललं ते फोटूत पुसलं जायचं. लाटा तर हलणारच. त्यामुळे फोटूत समुद्राच्या जागी नुसता धूर. बायका हसायच्या. म्हणायच्या, "काचवाले, चूल कुठं पेटवलीत?" बाबलही हसायचा. पावसाळा लागला, आगबोट बंद झाली, आणि तो चार महिने इथंच अडकला.

आता लखमाचं सांगतो. लखमा खारवी त्याच वर्षी शिमग्यानंतर एकटाच होडकं घेऊन जाळं बघायला गेला होता. वारा फिरला. तिसऱ्या दिवशी होडकं आलं, उपडं. माणूस आला नाही. त्याची बायको द्वारकी तेव्हा वीस-बावीस वर्षांची होती. घरात तिची सासू आणि ती, दोघीच.

आपल्या बंदरात एक रीत होती. घरातला माणूस पाण्यावर असला की जेवताना त्याचा पाट मांडायचा, ताट वाढायचं, आणि त्या पाटावर कुणी बसायचं नाही. माणूस आगबोटीवर खलाशी म्हणून दोन-दोन वर्षं गेला तरी त्याचा पाट रोज मांडलेला. त्याची जागा राखायची. जागा राखली तर माणूस वाट विसरत नाही. आणि माणूस खरंच गेला, आता येत नाही, असं गावानं ठरवलं, तर घरातल्या थोरल्या माणसानं त्या पाटावर बसायचं. त्याला म्हणत जागा बुजवणं. जागा बुजवली की मग बायकोची काकणं उतरायची आणि गेलेल्याला पाणी सोडायचं.

द्वारकी रोज पाट मांडायची. लखमाच्या ताटात माशाची मधली तुकडी वाढायची. जेवणं उरकली की ते ताट मांजरीपुढे ठेवायची. कावळ्याला नाही. कावळ्याला घालतात ते गेलेल्याला.

सासू म्हणायची, "मांजर माजली गं तुजी."

"माजू दे. ते आले की तिला हाकलतील."

सासू दुष्ट नव्हती, हे ध्यानात ठेवा. आईचा जीव. तिला वाटे, लेक पाण्यात गेला आणि तहानलेला राहिला. त्याला निदान ओंजळभर पाणी तरी सुटू दे. शेवटी तीच गावच्या तांडेलाकडे गेली. तांडेल म्हणजे होड्यांचा म्होरक्या, आणि तेव्हा गावाचाही. तो म्हणाला, "सर्वपित्रीपर्यंत थांबू. तोवर नाय आला तर जागा बुजवू." द्वारकीनं ऐकलं. त्या दिवशी ताटात दोन तुकड्या वाढल्या.

मग नारळी पुनव आली. पावसानं उघडीप दिली, समुद्राला नारळ दिला, सगळे नव्या कपड्यांत. तांडेलाचं मन त्या दिवशी मोठं झालं होतं. तो बाबलला म्हणाला, "काच हाय का एकादी शिल्लक? काढा गावाचा फोटू. आयुष्य जाईल तर सगळ्यांचं सारकंच जाईल."

काचा संपल्या होत्या. आगबोट बंद, नव्या येणार कुठून? बाबलनं पेटीच्या तळची एक जुनी काच काढली. तिच्यावर आधीचा फोटू होता, तो त्यानं राखेनं, वाळूनं, नखानं घासून घासून काढून टाकला, नवं औषध लावलं, आणि यंत्र तिपायीवर, वाळूत उभं केलं.

गाव ओळीत उभा राहिला. बाबलनं कापडातून डोकं बाहेर काढलं.

"जरा जवळ येवा. मधी एवढी जागा कित्याक सोडलात?"

कुणी हललं नाही.

"अवो, माका सगळे एका काचेत व्हये. मावणत नाय."

तेव्हा द्वारकी बोलली. तिच्या एका अंगाला सासू होती, आणि दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. ती म्हणाली, "ही आमच्यांची जागा हाय. तिकडं ती सख्याच्या बापाची, तो मंबईला हाय. ती पलीकडची दोन खलाश्यांची. आमी नाय सरकत. मावत नसंल तर तुमी मागं सरा."

गाव हसला. बाबलनं तिपायी उचलली आणि मागं सरला. ओळ मावेना. आणखी मागं सरला. मागं सरता सरता पाण्यात गेला, गुडघ्यांपर्यंत. तिथून सगळा गाव काचेत मावला, मोकळ्या जागांसकट. त्यानं कापडात डोकं घातलं आणि आतून ओरडला, "आता लाट येईल. ती परत जाईसर कोण हलू नका."

लाट आली. तिपायीच्या पायांमधून गेली, ओळीतल्या माणसांच्या घोट्यांना लागली, आणि परत गेली. असं म्हणतात की त्या लाटेला परत जायला रोजच्यापेक्षा वेळ लागला. घरातून निघताना माणूस उंबऱ्यावर रेंगाळतो, तसा.

"झाला," बाबल म्हणाला.

चार दिवसांनी ऊन पडलं तेव्हा त्यानं फोटू कागदावर उतरवला, आणि देवळाच्या पायरीवर ठेवला. गाव गोळा झाला. आपापली नाकं बघून लोक नाराज होत होते. एवढ्यात सासूनं बोट ठेवलं. तिच्या आणि द्वारकीच्या मधल्या जागेत कुणीतरी उभं होतं.

पुढे या, बघा. या बोटाकडे. दिसतो? धुक्यातून यावा तसा. किंचित वाकलेला. आणि डोक्याला कानांवर येणारी लोकरीची टोपी, डाव्या कानावर ठिगळ. बाकीच्या मोकळ्या जागांत नुसती वाळू. या एकाच जागेत माणूस.

मग तांडेल हळूच म्हणाला, "लखमाच. पन ही टोपी कसली? आपल्याकडं उकाड्यानं कपाळ फुटतं."

द्वारकी फोटूवरून नजर न काढता म्हणाली, "थंडी वाजली आसंल."

त्या दिवसापासून तिचं चालणं बदललं, असं म्हणतात. ती हंडा घेऊन जाई तेव्हा एका बाजूला माणूस चालायला जागा ठेवून चाले. आणि बाबलपुढे बायकांची रांग लागली. काच नसली तर नसली, म्हणाल्या, नुसतं यंत्र तरी आमच्या घरावरून फिरवा.

बाबल मात्र जेवेना. त्याला माहीत होतं. काचेच्या कोपऱ्याला टवका उडालेला होता, आणि त्या टवक्यावरून त्याला काच ओळखू आली होती. तिच्यावर आधी घाटावरच्या एका म्हाताऱ्या शिपायाचा फोटू होता. कुठल्याशा थंड मुलखातून लढून आलेला, लोकरीची टोपी घातलेला. काच पुरती घासली गेली नव्हती. तोच शिपाई पुन्हा वर आला होता.

तीन दिवस बाबल समुद्राकडे बघत बसला. गप्प राहिलो तर एक बाई परक्या माणसाच्या सावलीपाशी जन्मभर उभी राहील. बोललो तर येत्या सर्वपित्रीला तिची काकणं उतरतील, आणि ती माझ्या हातांनी उतरतील. चौथ्या दिवशी तो उठला आणि द्वारकीच्या अंगणात गेला. ती सुकट निवडत होती. सासू ओट्यावर जाळं विणत होती.

"वैनी, तो तुमचो लखमा न्हय," तो म्हणाला. आणि सगळं सांगून टाकलं. काच, टवका, शिपाई, राख, वाळू.

द्वारकीचे हात थांबले. मांजर येऊन सुकट खाऊ लागली तरी तिनं हाकललं नाही. मग तिनं विचारलं, "त्या शिपायाचा फोटू तुमी पुसलात कशाला?"

"तो फोटू न्हेवक कोण इलोच नाय. तीन वर्सां वाट बघलंय. तो स्वता नाय, घरचो कोण नाय."

"म्हंजी त्याची जागा कुनी राखली नव्हती."

"नाय."

"मंग राहू दे त्याला," द्वारकी म्हणाली. "आमचे येईपर्यंत उभा राहू दे. माज्याकडं जागा हाय."

सासूनं मान वर केली नाही. तिनं नुसती विणायची सुई खाली ठेवली.

गोष्ट गावभर झाली. फोटूतला लखमा नाही म्हटल्यावर तांडेलाला आपला शब्द आठवला. सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी द्वारकीच्या माजघरात पाट मांडला, भोवती गाव बसला. बाबलही आला आणि दाराशी उभा राहिला, चोरासारखा. द्वारकी भिंतीला टेकून होती. तिनं हात पदराखाली घेतले होते, काकणं कुणाला दिसू नयेत म्हणून. घरातलं थोरलं माणूस म्हणजे सासूच. पाटावर तिनं बसायचं.

म्हातारी उठली. पाटापाशी गेली. लुगडं सावरलं. आणि बसता बसता थांबून तिनं दाराकडे बघितलं.

"काचवाले, तुमी ती काच किती घासलीत?"

बाबल घाबरला. "खूप घासलंय, आये. राखेन घासलंय. वाळयेन घासलंय. बोटातसून रगत येईसर घासलंय."

"आनि तरी तो मानूस गेला नाय?"

"नाय गेलो."

म्हातारीनं पाटाकडे बघितलं. मग तांडेलाकडे बघितलं. म्हणाली, "परक्याचा मानूस रगत येईपर्यंत घासून जात नाय. आनि माज्या पोटचा मी नुसती बसले की जाईल व्हय?"

तांडेल म्हणाला, "आवो, पन तुमीच तर माज्याकडं आला होतात."

"आले होते. आता परत चालले." तिनं पाट उचलला, पदरानं पुसला आणि जिथं रोज मांडायचा तिथं मांडला. "द्वारके, वाढ गं. आनि त्या मांजरीला बाहेर घाल. लय माजली."

असं म्हणतात की त्या दिवशी गावानं तिथंच बसून जेवून घेतलं. सर्वपित्रीचं जेवण होतं, पण सुतकी कुणालाच लागलं नाही.

दिवाळी झाली. समुद्र निवळला, आगबोट पुन्हा भोंगा देऊ लागली. एका दुपारी पडाव वाळूला लागला आणि त्यातून एक वाळलेला माणूस उतरला. दाढी वाढलेली, चाल वाकलेली. त्याला कुणी ओळखलं नाही. ओळखली ती टोपी. लोकरीची, कानांवर येणारी. डाव्या कानावर ठिगळ.

किनाऱ्यावरच्या बायकांच्या टोपल्या हातातच राहिल्या. कुणीतरी म्हातारीला बोलावून आणलं. ती आली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "टोपी काढ आदी. उकाड्यात काय सोंग आनलंस?"

टोपी काढली. लखमा होता.

होडकं उलटलं तेव्हा तो एका फळीला धरून राहिला होता. दूरदेशी जाणाऱ्या एका मोठ्या शिडाच्या जहाजानं त्याला उचललं. वाटेत ताप भरला, हुडहुडी काही थांबेना. जहाजावर एक म्हातारा होता. कोण, कुठला, बोली कळत नव्हती. त्यानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून लखमाच्या डोक्यावर घातली. कोणत्या दिवशी, लोकांनी विचारलं. लखमा म्हणाला, दिवस कळत नव्हते. पण त्या रात्री चंद्र पुरता वाटोळा होता.

बाबलनं ती टोपी हातात घेतली. ठिगळाचे टाके मोजले, फोटू बघितला, पुन्हा टाके मोजले. मग त्यानं टोपी परत दिली. त्यानं काय मोजलं ते तो कुणाला बोलला नाही. असं म्हणतात की त्या दिवसापासून त्यानं जुनी काच कधी घासली नाही.

बाबल मग वाडीला गेलाच नाही. इथंच राहिला. दर नारळी पुनवेला गावाची ओळ काढायची हे त्याचं काम झालं. आणि म्हातारीनं पाट परत मांडला त्या दिवसापासून खारवट्यात जागा बुजवणं बंद झालं. पाण्यावर गेलेल्याची नाही, जमिनीवर गेलेल्याचीही नाही. गेलेल्यांना पाणी सोडतात, दिवस करतात, सगळं करतात. पण ओळीत त्यांची जागा राहते. बघा भिंतीकडे. हा साथीच्या वर्षाचा फोटू. यात माणसांपेक्षा जागा जास्त. हा आगबोट कायमची बंद झाली तेव्हाचा. हा तरणी पोरं मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हाचा, नुसत्या बायका आणि वाळू. माणसं कमी होत गेली, ओळ मात्र लांबत गेली. आणि ओळ लांबेल तसा बाबल मागं सरत गेला. पहिल्या वर्षी गुडघाभर पाण्यात होता, मग मांडीभर, मग कमरेभर.

तो म्हातारा झाला. द्वारकीला नातवंडं झाली. एका पुनवेला त्यानं छातीभर पाण्यात तिपायी उभी केली. कापडात शिरण्याआधी ओळीकडे बराच वेळ बघितलं. मग आतून हाक आली, "आता लाट येईल. परत जाईसर कोण हलू नका."

लाट आली. परत गेली. पण "झाला" असं काही तो म्हणाला नाही. गाव तसाच उभा राहिला. दुसरी लाट आली, गेली. तिसरी गेली. पोरंसुद्धा हलली नाहीत. शेवटी द्वारकी ओळीतून निघाली, पाण्यात गेली आणि तिनं कापड उचललं.

कापडाखाली कुणी नव्हतं.

पाण्यातून ओल्या पावलांच्या खुणा वाळूत आल्या होत्या. त्या ओळीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या आणि तिथं, गावाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून, जोडीनं थांबल्या होत्या. लाटेनं त्या पुसल्या नाहीत, संध्याकाळपर्यंत, असं म्हणतात.

इतकी वर्षं त्यानं गावाचा फोटू काढला. त्याचा स्वतःचा एकही नाही. सगळ्या फोटूंत तो कापडाच्या आत. नाक कसं होतं, डोळे कसे होते, कुणी सांगू शकत नाही. म्हणून ओळीच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला, एक जागा असते. ती त्याची.

आता नारळी पुनवेला ओळ देवळापासून निघते आणि खाडीच्या तोंडाशी जाते. फोटू मोबाइलवर काढतात, पण तो त्याच जुन्या तिपायीला बांधून. लाट येते, परत जाते. "झाला" मात्र कुणी म्हणत नाही, तो शब्द बाबलचा. एखादं तान्हं रडतं किंवा कुत्रं मध्ये येतं, तोवर आम्ही उभे राहतो.

यंदा शाळेतले नवे मास्तर फोटू काढायला होते. घाटावरचे, चांगला माणूस. माझ्या डाव्या हाताला जागा होती. दोन वर्षं झाली, तिथं माझी बायको असते. मास्तर पाण्यातून म्हणाले, "आजोबा, थोडे डावीकडे सरका ना. सगळे मावत नाहीत."

मला बोलावं लागलं नाही. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पोरंबाळंसुद्धा, सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्ही मागं सरा."

मास्तरांनी विजार वर खोचली आणि मागं सरले.